गवताखालचे भूर्जपत्र : थंड प्रदेशातील छपरांची गोष्ट

कोकणात मृगाआधी घर शाकारणे किंवा कौले चाळणे हे वर्षाचे ठरलेले काम. तेथे छपराचा मुख्य शत्रू पाऊस. उतार नीट ठेवला की पाणी ओघळून जाते. पण जेथे वर्षातले चार-पाच महिने बर्फ पडतो, तेथे छपराचे गणित कसे असेल?

बर्फ ओघळत नाही, साचतो. ताज्या भुसभुशीत बर्फाच्या एका घनमीटरचे वजन ५० ते १०० किलो भरते, पण दबलेल्या जुन्या बर्फाचे २०० ते ३०० किलो. म्हणजे अर्धा मीटर जुना बर्फ साचला, तर दर चौरस मीटरवर सव्वाशे किलोच्या आसपास भार आला. दुसरी अडचण याहून फसवी आहे. घरातल्या उबेने बर्फाचा तळचा थर वितळतो आणि पाणी वळचणीपर्यंत येते. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिला खालून ऊब नसते. तेथे पाणी पुन्हा गोठते, बर्फाचा बांध तयार होतो आणि मागे पाणी तुंबते. कौले ही वाहत्या पाण्यासाठी असतात. तुंबलेले पाणी त्यांच्या फटींतून सरळ घरात उतरते.

नॉर्वेतील उत्तर

नॉर्वेच्या ग्रामीण भागात एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतेक ओंडक्यांच्या घरांवर गवत उगवलेले छप्पर असे. पाहणाऱ्याला वाटते, गवतामुळे पाणी अडते. तसे नाही. पाणी अडवते ती गवताखालची भूर्जवृक्षाची साल. या सालीत सुबेरिन, बेटुलिन यांसारखी पाण्याला दाद न देणारी द्रव्ये असतात. फळ्यांवर सालीचे अनेक थर एकमेकांवर चढवून अंथरत. मात्र साल वाळली की गुंडाळी होते, वाऱ्याने उडते आणि खिळे मारावेत तर तिला भोके पडतात! म्हणून तिच्यावर मुळांसकट कापलेल्या मातीच्या चिपा ठेवत. खालचा थर गवत खाली करून, वरचा गवत वर करून. माती साल दाबून धरते, उन्हापासून जपते आणि ऊबही राखते. मुळे मातीला बांधून ठेवतात.

हे छप्पर दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरे. बर्फ पडल्यावर भार ४०० ते ५०० किलोपर्यंत जाई. त्या वजनाने भिंतीचे ओंडके एकमेकांवर घट्ट बसत आणि फटींतून येणारा वारा कमी होई. अशी साल सुमारे तीस वर्षे टिके. देखभाल म्हणजे मुख्यतः छपरावर रुजलेली झाडांची रोपे वेळीच उपटणे, कारण त्यांची मुळे साल फोडतात.

काश्मीरमध्येही तेच

भूर्ज आपल्याला परका नाही. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त भूर्जाच्या सालीवर लिहिण्याचा उल्लेख आहे. १८८१ मध्ये सापडलेले बख्शाली गणित-हस्तलिखितही भूर्जपत्रावरच आहे. याच सालीवर माती घालून काश्मीरमध्ये घरे व जियारती शाकारीत. तेथील लोक छपरावरच्या मातीत ट्यूलिपचे कंद लावतात व दर वसंतात ती फुले फुलतात, अशी नोंद जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात केली आहे.

ही छपरे मागे का पडली? १८२९ मध्ये लंडनच्या हेन्री पामरने पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले आणि १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने लोखंडावर जस्ताचा लेप देण्याचे. पत्रा हलका, दरवर्षी मातीकडे पाहायला नको आणि तीव्र उतारावरून बर्फ आपोआप घसरतो. उंचावरून भूर्जाची साल काढून आणण्याचे कष्टही वाचले. पण नुसता पत्रा ऊब धरून ठेवत नाही. त्याखाली छत आणि मोकळा, हवेशीर माळा नसेल, तर घरातली वाफ पत्र्याच्या आतल्या बाजूला गोठते किंवा ठिबकते.

मग जुने सारेच चांगले होते का? येथे घाई नको. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली. तेथील माळवदांवर मातीचा जाड थर होता आणि खालच्या भिंती ओबडधोबड दगडांच्या, मातीत रचलेल्या. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच वजन अंगावर कोसळले. नॉर्वेत ओंडक्यांच्या भिंतींना छपराच्या भाराने बळकटी आली, कारण ओंडके कोपऱ्यांत एकमेकांत अडकवलेले होते. काश्मीरमध्येही लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत विटा-दगड भरलेल्या ‘धज्जी दीवारी’च्या अनेक भिंती २००५ च्या भूकंपात तगल्या. तेव्हा छप्पर निवडताना हवामानाबरोबर खालची भिंत आणि जमीन यांचाही विचार करावा लागतो. देखभाल म्हणून माती नुसती वाढवत नेणे धोक्याचे. जुनी काढून मगच नवी घालावी.

वर्गात करून पाहा

एका फळीला उतार द्या. तिच्यावर प्लॅस्टिकचे छोटे तुकडे कौलांसारखे एकावर एक चढवून बसवा आणि वरून पाणी ओता. तुकड्यांखाली फळी कोरडी राहते का? आता खालच्या कडेला ओल्या मातीचा बांध घालून पुन्हा पाणी ओता. पाणी कोठून आत शिरते, ते विद्यार्थ्यांना शोधू द्या. नंतर प्रत्येकाने आपल्या घराच्या छपराची नोंद करावी : ते कशाचे आहे, त्याची डागडुजी कोण करते आणि कधी?