हललेले पाणी

आमच्या घरी एक जुना फोटो आहे. दिवाळीच्या साफसफाईत दर वर्षी तो ट्रंकेतून निघतो, चार हातांतून फिरतो आणि भाऊबीज झाली की पुन्हा ट्रंकेत जातो. फोटो आजीचा. लुगडे खोचून ती मोर्णेच्या वाळूत बसली आहे. समोर हातांनी उकरलेला झिरा, शेजारी पितळी घागर, हातात वाटी. वाटीवाटीने पाणी घागरीत भरायचे, ते इतके नितळ की गाळायचीसुद्धा गरज नाही, असे ती सांगत असे. मागे अकोल्याच्या असदगडाचा बुरूज. फोटोच्या पाठीवर बाबांच्या अक्षरात ‘कार्तिक, १९६६’ एवढेच. पहिल्या कमाईतून बाबांनी आगफाचा क्लिक-थ्री कॅमेरा घेतला होता. एका रोळात बारा फोटो निघत, त्यांतला हा एक.

गेल्या वर्षी हा फोटो मी वर्गात नेला आणि नदी ओळखायला सांगितली. एक जण म्हणाला, पूर्णा. दुसरा थेट नर्मदेवर गेला. मी मोर्णेचे नाव घेताच मागच्या बाकावरून आवाज आला, “गुर्जी, मोर्णेत कुठं रेती हाय?”

मला चटकन उत्तर सुचले नाही. रात्री पुन्हा फोटो पाहताना ध्यानात आले, की बाबांनी फोटो आजीचा काढला होता, नदीचा नव्हे. नदी आपली आजीच्या पाठीमागून, कोणी न बोलावता, चौकटीत येऊन बसली होती. लग्नाच्या, विसर्जनाच्या, सहलीच्या फोटोंत आमच्या वऱ्हाडच्या नद्या अशाच कोपऱ्यात सापडतात. मुद्दाम नदीसाठी कॅमेरा उघडणारा विरळा!

एकदा मी तो उघडला होता. वीसेक वर्षांपूर्वी श्रावणात आम्ही शिक्षक मंडळी परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्याला गेलो. भीमाने कीचकाला मारून दरीत लोटले आणि खालच्या कुंडात हात धुतले, म्हणून तो भीमकुंड, आणि कीचकदऱ्याचे झाले चिखलदरा, अशी आमच्याकडची कथा. तिथला धबधबा पावसाळ्याचाच पाहुणा. आम्ही पोहोचलो तेव्हा दरीत धुके दाटले होते. दोन तास छत्री धरून बसलो. अखेर पडदा सरला. उजेड बेताचा, म्हणून बाबांचा कॅमेरा खडकावर टेकवला, खटका दाबून धरला आणि मनात पाच आकडे मोजले. फोटो धुऊन आला तेव्हा खडकावरचे शेवाळ अन् शेवाळ स्पष्ट. पण पाण्याच्या जागी पिंजाऱ्याने पिंजून टाकल्यासारखा कापूस! फोटोवाला हसून म्हणाला, “गुर्जी, पानी हललं.”

वाचकहो, हे पाणी माझ्याआधी मोठमोठ्यांचे हलले आहे. दागेरने १८३९ साली पॅरिसमध्ये आपली कला जाहीर केली. त्याच्या आदल्या वर्षी त्याने तिथल्या एका रहदारीच्या रस्त्याचा फोटो घेतला होता. त्यात रस्ता ओस दिसतो. गाड्याघोडी, माणसे सारी होती. पण चालत होती, म्हणून काचेवर काय अन् तांब्याच्या पत्र्यावर काय, उमटलीच नाहीत. पाय रोवून जोडे पुसून घेणारा एक गृहस्थ तेवढा उमटला! माणसाला ‘हलू नका’ म्हणून सांगता येते. नदीला कोण सांगणार?

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आपल्याकडच्या पहिल्या छायाचित्रकारांपैकी. त्या काळची रीत ओल्या काचेची. काचेवर चिकट द्राव ओतायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि तिथेच तंबूच्या अंधारात धुवायची. आपल्या उन्हात काच सुकायला वेळ तो कितीसा! शिवाय धुवायला स्वच्छ पाणी हवे. सॅम्युअल बोर्न हा इंग्रज हे सारे बिऱ्हाड हमालांच्या पाठीवर देऊन १८६६ साली गंगोत्रीच्या पुढे गोमुखापर्यंत पोहोचला. बर्फ स्थिर, डोंगर स्थिर. वाहत्या पाण्याचा मात्र त्या काळच्या चित्रांत बहुधा दुधाळ पट्टाच होई.

आमच्या वऱ्हाडच्या शिवेला लागून असाच एक वेडा राबला. मेजर रॉबर्ट गिल हा मद्रासच्या फौजेतला. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला १८४४ साली त्याची नेमणूक झाली. वाघोरा नदी जिथे कड्यावरून सातकुंडांत उतरते, त्या घळीत त्याने वर्षांमागून वर्षे काढली. त्याच्या रंगीत नकलांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली लागलेल्या आगीत जळाल्या. पण मध्यंतरी त्याने कॅमेरा हाती घेतला होता. १८६४ साली त्याच्या छायाचित्रांची पुस्तके निघाली होती. रंग जळाले, पण फोटोंच्या प्रती घरोघर गेल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. १८७९ साली गिल वारला. भुसावळला त्याची कबर आहे. वाघोरेच्या काठच्या या माणसाकडून मी एकच धडा घेतला: प्रत एकाच पेटीत ठेवू नये.

पुढे कोरड्या काचा आल्या, मग फिल्म आली आणि पाणी पकडणे सोपे झाले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली, तेव्हा त्यांत समुद्रस्नानाचेही एक होते. इतकी वर्षे जे पाणी हलते म्हणून फोटो बिघडत होता, ते आता हलते म्हणूनच लोक पैसे देऊन पाहू लागले!

आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आणि मोर्णा? वर धरण झाले, रेती उपसली गेली, गावाचे सांडपाणी पात्रात आले. साचल्या पाण्यावर जलकुंभीचे हिरवे गालिचे पसरले. जानेवारी २०१८ मध्ये सहा हजारांहून अधिक अकोलेकर नदीत उतरले. चार किलोमीटरच्या टापूत चौदा ठिकाणी दोन्ही काठ साफ झाले. त्यांत हातमोजे घालून मीही होतो. पण जलकुंभीची जात चिवट. सांडपाणी येत राहिले की ती पुन्हा वाढते. त्या दिवशी मला वाटले, आता मोर्णेचा फोटो काढण्यात काही अडचण नाही. पाणी हलतच नाही!

आजीचा फोटो नसता, तर मागच्या बाकावरच्या त्या पोराला काय दाखवले असते? ‘पूर्वी नदी स्वच्छ होती’ असे सांगणारा म्हातारा गोष्ट सांगतो. फोटो साक्ष देतो. म्हणून यंदा आम्ही वर्गाने एक नेम केला आहे. दर कार्तिकात असदगडासमोर, आजी बसली होती त्याच अंगाला उभे राहून मोर्णेचा एक फोटो काढायचा, पाठीवर तारीख घालायची आणि तीन प्रती तीन घरी ठेवायच्या.

पाडव्याला सारे घर फोटोसाठी उभे राहील, तेव्हा तुम्हीही एक फोटो आपल्या नदीचा काढा. नदी पूर्णा असो, पेढी असो, गावामागचा नाला असो. जशी असेल तशी. यंदाच्या फोटोत मागच्या बाकावरचा तो पोरगा काठावर उभा आहे. शेजारी लोटलेल्या जलकुंभीतून पाण्याची वीतभर धार वाहते आहे. ती थोडी हलली आहे. मी तो फोटो मुद्दाम तसाच ठेवला.