न जुळणारा सप्तकोन

आपल्या वर्गातल्या काहींना तरी आठवत असेल, चित्रकलेच्या परीक्षेसाठी भूमितीच्या आकृत्यांचा सराव चालायचा. षट्कोन म्हणजे गंमत होती. कंपासात त्रिज्या धरायची, वर्तुळावर सहा वेळा फिरवायची, की आपण बरोबर निघाल्या जागी परत. सप्तकोनासाठी सरांनी युक्ती दिली होती. वर्तुळातल्या समभुज त्रिकोणाच्या बाजूची निम्मी लांबी घ्यायची आणि ती सात वेळा फिरवायची. माझी सातवी खूण दर वेळी केसभर अलीकडे पडे. पेन्सिलला टोक केले, कंपासाचा स्क्रू आवळला, शेवटी रेघ जाड करून फट बुजवली. आपला हातच कच्चा, असे ठरवून पुढच्या वर्षी मी चित्रकला सोडली.

निवृत्तीनंतर भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चे मराठी भाषांतर हाती आले, तेव्हा ती फट पुन्हा भेटली.

'लीलावती' इ. स. ११५० मधली, 'सिद्धांतशिरोमणी' या ग्रंथाचा पहिला भाग. वर्तुळात बसणाऱ्या सुसम बहुभुजाची बाजू काढायला तिथे सात आकडे दिले आहेत. त्रिकोणापासून नवकोनापर्यंत ते असे: १०३९२३, ८४८५३, ७०५३४, ६००००, ५२०५५, ४५९२२, ४१०३१. हव्या त्या आकड्याने व्यासाला गुणायचे आणि १,२०,००० ने भागायचे, की बाजू मिळते.

हे आकडे म्हणजे आपली दहावीची त्रिकोणमितीच आहे. केंद्रापासून बाजूवर लंब टाकला की बाजूचे दोन समान भाग होतात आणि काटकोन त्रिकोण तयार होतो. त्यावरून बाजू = व्यास × साइन (१८०° ÷ बाजूंची संख्या). 'साइन' हा शब्दही आपल्या 'ज्या'चाच वंशज. 'जीवा' अरबीत गेली, तिथे तिचे वाचन बदलले आणि लॅटिन भाषांतरात तिचे 'सायनस' झाले.

कॅल्क्युलेटर घेऊन मी सातही आकडे तपासले. पाच अगदी बरोबर निघाले. सप्तकोनाला मात्र ५२०५५ ऐवजी ५२०६६ हवे आणि नवकोनाला ४१०३१ ऐवजी ४१०४२. चुकले ते नेमके हे दोनच!

याचे कारण गणितातच आहे. ६०°, ४५°, ३६°, ३०° आणि २२½° यांच्या ज्या वर्गमुळे काढून नेमक्या मिळतात. ३६° ची ज्या काढण्याची रीत भास्कराचार्यांनी स्वतः दिली आहे. पण १८०° चा सातवा किंवा नववा भाग घेतला, तर वर्गमुळांची वाट संपते आणि कुठल्या तरी अंदाजाचा आधार घ्यावाच लागतो. पट्टी आणि कंपास वर्गमुळांपलीकडे जाऊ शकत नाहीत. १७९६ मध्ये जर्मनीत अठरा वर्षांच्या गाउसने सतरा बाजूंचा बहुभुज या साधनांनी काढता येतो हे दाखवले. सप्तकोन आणि नवकोन मात्र काढता येत नाहीत, याची पक्की सिद्धता फ्रान्सच्या वाँझेलने १८३७ मध्ये दिली.

आता माझी वही तपासू. व्यास २००० धरला तर सप्तकोनाची खरी बाजू ८६७.७७. भास्कराचार्यांची ८६७.५८. आमच्या युक्तीची ८६६.०३. पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात त्या युक्तीने सुमारे ०.७ मिलिमीटरची फट उरते. भास्कराचार्यांच्या आकड्याने ती ०.०७ मिलिमीटरच राहिली असती, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेतच लपली असती. माझा हात ठीकच होता. फट त्या रीतीतच होती.

चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे सव्वाआठशे वर्षांपूर्वी तिथेही आपल्यासारखीच पोरे हे आकडे घोकत असणार.

सर आज हयात नाहीत, नाहीतर ती वही घेऊन त्यांच्याकडे गेलो असतो. मित्रमैत्रिणींनो, तुमच्या नातवंडांचा सप्तकोन जुळला नाही, तर त्यांना रेघ जाड करायला सांगू नका. ती फट किती आहे, ते मोजायला सांगा. मी नुकताच नवा कंपास आणला आहे.