झाडीपट्टीचा ऑर्गन

भंडारा जिल्ह्यांतील झाडीपट्टीचीं नाटकें दंडारींतून वाढलीं. ऑर्गन त्यांनीं संगीत नाटकाकडून घेतला. भात्याच्या वाऱ्यावर स्वर लांबतो, पण आघात करीत नाहीं. ठोका तबल्यानेंच द्यावयाचा. १९३५ सालीं अमेरिकेंत निघालेल्या हॅमंडच्या विजेच्या ऑर्गनांतहि हीच उणीव होती. पुढें बी-३ नमुन्यांत स्वरारंभीं क्षणांत विरणारा टणत्कार आला. तोहि दुसऱ्या वा तिसऱ्या उपस्वराचाच, म्हणून हौशी कारागिरांनीं आंतील तारा फिरवून आणखी उपस्वर मिळविले. झाडीपट्टीनें पेटी उघडली नाहीं. शेजारीं ऑक्टोपॅड मांडला. आठ फळ्यांतून ढोलकीपासून मेघगर्जनेपर्यंत सारें निघतें. सोय मोठीच! परंतु बायाची घुमार तळव्यानें दाबून नटाच्या सुराजवळ आणणें त्या फळ्यांवर साधत नाहीं. पदाच्या वेळीं तरी तबलजीस उठवूं नये, असें आम्हांस वाटतें.