अडथळ्यांच्या शर्यतीचा अश्व व त्याच्या थोरवीचें प्रमाण

अश्वपरीक्षेच्या पोथ्यांशीं आमच्या वाचकांचा परिचय आहेच. नकुलाचें अश्वशास्त्र, कलकत्त्याच्या बिब्लिओथिका इंडिका मालेंत छापलेलें जयदत्ताचें अश्ववैद्यक, शालिहोत्राच्या नांवावर चालत आलेल्या नकला, यांत घोड्याचा वर्ण, दांत, अवयवांचें मान व विशेषतः अंगावरचे भोवरे यांवरून त्याचें शुभाशुभ सांगितलेलें असतें. अमक्या घोड्यानें अमुक ओझें घेऊन अमुक पल्ला तोडला, अशी नोंद मात्र त्यांत सहसा हातीं लागत नाहीं. लक्षणें आहेत, पडताळा नाहीं.

असा पडताळा सलग मिळतो तो आयर्लंड व इंग्लंड येथील स्टीपलचेसमध्यें, म्हणजे कुंपणें व चर ओलांडीत धांवण्याच्या शर्यतींत. १७५२ सालीं कॉर्क परगण्यांत ओकॅलाहन व ब्लेक या दोघां गृहस्थांनीं बटेवंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत सुमारें साडेचार मैल घोडे घातले, तेथून तिचा आरंभ धरितात. नांवाचा उगमहि त्या मनोऱ्यांतच आहे. उडींत वेग न गमावणें, जमिनीवर उतरतांच पुन्हां चाल धरणें, दीर्घ दम, पायांचा टिकाऊपणा आणि एकदां चुकल्यावर न बिचकणें, हे गुण या घोड्यास अवश्य, हें सर्वच जाणते सांगतात. परंतु कोणत्या घोड्याच्या अंगीं ते किती होते, हें कोणाच्या साक्षीनें ठरवावें?

मालक, स्वार व प्रेक्षक यांच्या स्तुतीस आम्ही बखरीपेक्षां अधिक मोल देत नाहीं. आमच्या मतें ग्राह्य साक्ष हँडिकॅपरची. सर्वांना सारखी संधि मिळावी म्हणून बलवान घोड्यावर जास्त वजन चढविणें हें त्याचें काम. त्याला घोड्याचें कौतुक करावयाचें नसतें, त्याला रोखावयाचें असतें. म्हणूनच त्याचा वजनांचा तक्ता हा अस्सल समकालीन कागद होय.

१९५७ सालीं जन्मलेल्या आर्कलचें उदाहरण घ्या. त्याचा बाप आर्काइव्ह हा नामांकित नीअर्कोचा पुत्र खरा, पण त्यानें स्वतः एकहि शर्यत जिंकली नव्हती. आर्कल १९६० सालीं ११५० गिनींस विकला गेला. टॉम ड्रीपर यानें त्यास तयार केलें, आणि १९६४, १९६५ व १९६६ असा तीन वेळां त्यानें गोल्ड कप जिंकला. आयर्लंडांत त्याच्यासाठीं वजनांचे दोन तक्ते करावे लागले, एक आर्कल धांवल्यास, दुसरा न धांवल्यास! आम्हांस मात्र त्याच्या विजयांपेक्षां एक पराजय अधिक बोलका वाटतो. १९६६ च्या हेनेसी गोल्ड कपांत १२ स्टोन ७ पौंड वजन घेऊन तो स्टॅलब्रिज कॉलनिस्ट या घोड्याकडून अर्ध्या लांबीनें हरला. विजेत्यावर ३५ पौंड वजन कमी होतें. तोच स्टॅलब्रिज कॉलनिस्ट पुढें १९६७ च्या गोल्ड कपांत, जेथें असें वजन चढवीत नाहींत तेथें, दुसरा आला. दोन स्वतंत्र कागद असे एकमेकांस पुष्टि देतात तेव्हां शंकेस जागा राहत नाहीं.

हीच कसोटी रेड रमला लावावी. १९७३ चें ग्रँड नॅशनल त्यानें पाऊण लांबीनें जिंकलें. पण हरलेल्या क्रिस्पवर १२ स्टोन, तर त्याच्यावर १० स्टोन ५ पौंड होते. त्या दिवशीं थोर घोडा क्रिस्प, असें आम्ही निःशंक म्हणूं. पुढील वर्षीं १२ स्टोन घेऊन रेड रमनें दोनदां गोल्ड कप जिंकलेल्या लेस्कार्गोला मागें टाकिलें, तेव्हां तें ऋण फिटलें. टापेच्या हाडाचें दुखणें असलेला हा घोडा साउथपोर्टच्या समुद्रकांठच्या वाळूंत तयार झाला व १९७७ सालीं तिसऱ्यांदा जिंकला.

तक्त्यांतहि न मावणारा गुण म्हणजे मनाचा कल. १९३२ ते १९३६ असा पांच वेळां गोल्ड कप जिंकणाऱ्या गोल्डन मिलरनें १९३४ सालीं ग्रँड नॅशनलहि जिंकलें. पण पुढील तिन्ही वर्षीं त्याच एन्ट्रीच्या मैदानावर त्यानें शर्यत पुरी केली नाहीं.

आर्कलची शेवटची शर्यत २७ डिसेंबर १९६६ रोजीं केम्पटन येथें झाली. टापेंतलें हाड मोडलें असतांहि तो दुसरा आला. त्याचा सांगाडा किल्डेअर परगण्यांत आयरिश नॅशनल स्टडच्या संग्रहालयांत ठेवलेला आहे. अवयवांचें मान पोथीशीं ताडून पाहूं इच्छिणाऱ्यास तेथें सोय आहे. भोवरे पाहण्यास मात्र कातडें उरलेलें नाहीं.