साखर वाढल्याने पेशींचे नेमके काय बिघडते?

‘मला काहीच त्रास नाही, मग गोळ्या कशाला?’ टाईप २ मधुमेहाचे अनेक रुग्ण असे विचारतात. पण त्रास जाणवण्याआधीच बिघाड सुरू झालेला असतो.

स्नायूंच्या पेशींत साखर शिरायला बहुतांशी इन्सुलिन लागते. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि नसा यांचे तसे नाही. रक्तात साखर जास्त असली की तिथल्या पेशींतही ती वाढते. मग ती प्रथिनांना चिकटते, बारीक रक्तवाहिन्या जाड होतात, गळू लागतात. म्हणून हे तीन अवयव आधी सापडतात.

ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात (१९९८) एचबीए१सी सरासरी ७.९ ऐवजी ७ टक्के राहिलेल्या रुग्णांत बारीक रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. सुरुवातीच्या या नियंत्रणाचा फायदा अभ्यास संपल्यावरही दहा वर्षे दिसत राहिला. फक्त उपाशीपोटीची साखर पाहून समाधान मानणे मला पटत नाही. एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते.

वयस्कर रुग्णांत साखर फार खाली आणणेही धोक्याचे असते, त्यामुळे आपले लक्ष्य डॉक्टरांकडून ठरवून घ्या. निदान होताच डोळ्यांचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन आणि पायांची संवेदना तपासून घ्या, पुढे दरवर्षी.