एकच रेकॉर्ड : 'ॲटॉमिक फॉरेस्ट'चा पहिला आणि शेवटचा अल्बम

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला आणि मला तीन फोन आले. "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आता हे गिटारचं काय काढलं?" प्रश्न रास्त आहे. पण मला आज गिटारपेक्षा पुराव्याबद्दल बोलायचं आहे. एखादी गोष्ट घडली, हे आपण कशावरून म्हणतो? तिचा माग उरला म्हणून. मग माग उरला नाही, किंवा चुकीच्या वेळचा उरला, तर काय होतं? हे समजून घ्यायला मुंबईच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या बँडइतकं चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

आधी शब्द समजून घेऊ. 'सायकेडेलिक' हा शब्द १९५६ साली हम्फ्री ऑस्मंड या मानसोपचारतज्ज्ञाने लेखक आल्डस हक्सली यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात घडवला. ग्रीक मुळावरून त्याचा अर्थ होतो 'मनाला प्रकट करणारे'. ऑस्मंड औषधांबद्दल बोलत होते. दहा वर्षांत तो शब्द संगीताला चिकटला. गिटारचा आवाज मुद्दाम फाडायचा, लांबवायचा, उलटा वाजवायचा, ऐकणाऱ्याला वेळेचं भान राहू नये अशी रचना करायची, हे त्याचं तंत्र. १९६७ साली जिमी हेंड्रिक्सच्या बँडचा पहिला अल्बम आला, त्याच वर्षी पिंक फ्लॉइडचाही पहिला आला. तिथे बँड निघाला की वर्ष-दोन वर्षांत रेकॉर्ड येई. म्हणजे पहिला अल्बम हा त्या पोरांच्या उमेदीचा दाखला असे.

आता मुंबईकडे येऊ. साठच्या दशकाच्या शेवटी तिथे असे बरेच गट वाजवत होते. त्यांना 'बीट ग्रुप' म्हणत. परदेशी गिटार, अ‍ॅम्प्लिफायर आणणं आयातीच्या निर्बंधांमुळे महाकठीण, त्यामुळे स्थानिक कारागिरांकडून बनवून घेतलेल्या सामानावर काम चाले. 'सिमला' नावाच्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'सिमला बीट' ही स्पर्धा भरत असे. तिच्या १९७० आणि १९७१ च्या दोन रेकॉर्डी निघाल्या, म्हणून त्या गटांची एकदोन गाणी तरी आज ऐकता येतात. बघा, सिगारेट कंपनीने जाहिरातीसाठी केलेलं काम आज इतिहासाचं साधन झालं आहे.

१९७२ साली लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले. कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या छोट्या डिस्कोथेकमध्ये ते स्थानिक वादकांबरोबर वाजवून गेले. मुंबईच्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत दोन गाणीही ध्वनिमुद्रित केली. ती टेप अधिकृतपणे बाहेर आली २०१५ साली. त्रेचाळीस वर्षं!

आणि १९७२ साली आपल्याकडे काय होतं? इथे बसलेल्या माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. दुष्काळ होता. माणसं खडी फोडायला जात होती, मिलोच्या भाकरी आणि सुकडी खात होती. त्याच वर्षी परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. एकाच राज्यात, एकाच साली या दोन्ही गोष्टी चालू होत्या. मी हे कुणाला दोष द्यायला सांगत नाही. 'सत्तरचं दशक' असं आपण एका शब्दात म्हणतो, तेव्हा त्यात किती वेगवेगळे काळ कोंबतो, एवढंच लक्षात घ्या.

'ॲटॉमिक फॉरेस्ट' याच मुंबईतला. कीथ कांगा हे त्याच्या केंद्रस्थानी होते, आणि मधुकर चंद्र दास गात. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतनाट्य इंग्रजीत उभं केलं, त्यात मधुकर यांनी येशूची भूमिका केली. जूडासची भूमिका कुणी केली माहीत आहे? नंदू भेंडे यांनी. आत्माराम आणि आशा भेंड्यांचे चिरंजीव. हेच नंदू भेंडे १९७८ साली पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'त गायले. जब्बार पटेलांच्या त्या नाटकातून रॉकचा आवाज मराठी रंगभूमीवर आला. म्हणजे कुलाब्यातलं ते जग आपल्याशी अगदीच असंबद्ध नव्हतं.

पण रेकॉर्डचं काय? ती होईना. कारण साधं होतं. रेकॉर्ड कंपन्यांचा धंदा चालायचा सिनेमाच्या गाण्यांवर. इंग्रजी रॉक ऐकणारा वर्ग मोजका, आणि त्यालाही मूळ विलायती रेकॉर्ड हवी असे. मग मुंबईच्या पोरांवर पैसा कोण लावणार? बँड रोज रात्री वाजवत होता, लोक नाचत होते, आणि सकाळपर्यंत ते सगळं हवेत विरत होतं.

अखेर रेकॉर्ड निघाली. नाव 'ऑब्सेशन', आणि तिच्या मुख्य रचनेच्या नावातच '७७ हा आकडा आहे. तोवर बँडचे भराचे दिवस सरत आले होते. जगात सायकेडेलिक संगीताची लाट ओसरली होती, डिस्को दाराशी आला होता. रेकॉर्डमध्ये हे दोन्ही ऐकू येतं. गिटार मागच्या दशकातली, ठेका पुढच्या दशकाकडे झुकलेला. स्वतःच्या रचनांबरोबर त्यात हेंड्रिक्सचं 'फॉक्सी लेडी' आहे. ते गाणं हेंड्रिक्सच्या पहिल्या अल्बममधलं, १९६७ चं. मुंबईच्या बँडच्या पहिल्या अल्बममध्ये ते बऱ्याच वर्षांनी आलं, आणि हेंड्रिक्सला जाऊनही तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पुढे दुसरी रेकॉर्ड झालीच नाही.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे सावध व्हायला हवं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या 'नाऊ-अगेन' या कंपनीने हा अल्बम पुन्हा काढला. जगभरचे शौकीन 'भारतातला हरवलेला सायकेडेलिक रॉक' म्हणून तो ऐकू लागले. चांगलंच झालं. पण त्यांनी काय ऐकलं? निरोपाच्या वेळचा बँड. १९७३-७४ चा तो बँड, स्टेजवरचा, घामाने भिजलेला, तो या तबकडीत नाही. एखाद्या माणसाचा म्हातारपणीचा एकच फोटो उरावा आणि आपण म्हणावं, हा असाच दिसायचा! फोटो खोटा नसतो. आपला निष्कर्ष खोटा असतो.

गाणं टिकायचे दोन रस्ते मला दिसतात. एक, तबकडीचा. दुसरा, अनेकांच्या गळ्याचा. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंकडे कुठली रेकॉर्ड कंपनी होती? जात्यावर, भजनात, बायकांच्या तोंडी ती गाणी सातशे वर्षं चालत आली. ॲटॉमिक फॉरेस्टला तो दुसरा रस्ताच नव्हता. त्यांची गाणी घरात, शेतात कुणी गुणगुणत नव्हतं. परभणीत आम्ही त्या धाटणीचा आवाज ऐकला तो रेडिओवर, 'दम मारो दम'मधून. १९७१ च्या सिनेमातलं आर. डी. बर्मन यांचं ते गाणं, त्यातली भूपिंदरची गिटार. तो आवाज कुठून आला, हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं सुचलंही नाही.

म्हणून गळ्याचा आधार नसलेल्या त्या बँडसाठी ती उशिराची, सदोष, एकुलती एक रेकॉर्ड फार मोलाची ठरते. ती नसती तर आज मी हे व्याख्यान देऊ शकलो नसतो.

शेवटचं, आणि ते तुमच्यासाठी. आता गळ्याचा रस्ताही अरुंद होतो आहे. जातं गेलं, त्याबरोबर ओव्या चालल्या. आपल्या जिल्ह्यात गोंधळी आहेत, शाहीर आहेत, उरुसात कव्वाली गाणारे आहेत, भारुड करणारी म्हातारी मंडळी आहेत. त्यांतल्या कित्येकांचं रेकॉर्डिंग कुठेच नाही. काहींच्या जुन्या कॅसेटी ट्रंकेत बुरशी धरून पडल्या आहेत. तुमच्या प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. दिवाळीला गावी जाल तेव्हा आजीला बसवा, तिला गाऊ द्या, आणि रेकॉर्ड करून ठेवा. कोण गातंय, कुठल्या गावचं, तारीख काय, हे सुरुवातीला मोठ्याने बोला. आवाज चिरका आला तरी चालेल. आणि हे तिचा गळा शाबूत आहे तोवर करा. मुंबईच्या त्या पोरांसारखा उशीर नको.

काही प्रश्न असतील तर घेऊ.