उधळ्या पुत्राचे व्याकरण

संत लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात येणारा उधळ्या पुत्राचा दाखला उपवासकाळात आपण श्रद्धेने ऐकतो. पित्याच्या क्षमाशील प्रेमाविषयीची प्रवचनेही आपल्याला परिचित आहेत. परंतु याच दाखल्याच्या साहाय्याने एके काळी खानदेशच्या बोलीचे व्याकरण पारखले गेले, ही हकीकत आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

१८८६ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत भारतातील भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी, असा ठराव झाला. पुढे हे प्रचंड कार्य आयर्लंडमध्ये जन्मलेले सनदी अधिकारी जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन यांनी अंगावर घेतले. प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून एकच मजकूर सर्वत्र भाषांतरित करून घ्यावयाचा होता, आणि त्यासाठी निवड झाली ती या दाखल्याची. ग्रियर्सनांनी दिलेले कारण भाविकाचे नव्हते, वैयाकरणाचे होते. या एका गोष्टीत तिन्ही पुरुषांची सर्वनामे येतात, नामांच्या बहुतेक विभक्ती येतात आणि क्रियापदाचे वर्तमान, भूत व भविष्य असे तिन्ही काळ येतात. पुत्र आधी मनाशी ठरवतो, मग उठून जातो, मग पित्यासमोर बोलतो. या कथेत काळ आपोआपच बदलत जातो.

पुरुष, विभक्ती आणि काळ हे शब्द आपली मुले इंग्रजीच्या तासाला पर्सन, केस आणि टेन्स या नावांनी पाठ करतात. त्या नावांत काय दडले आहे, हे मात्र त्यांना क्वचितच सांगितले जाते. 'पर्सन' हा लॅटिन 'पर्सोना'चा वंशज. त्याचा मूळ अर्थ नटाचा मुखवटा. याच शब्दाचा आधार घेऊन लॅटिन ख्रिस्तसभेने त्रैक्यातील तीन व्यक्तींचा सिद्धान्त मांडला. 'केस' म्हणजे पडणे. नाम आपल्या सरळ रूपापासून ढळते, अशी ग्रीक आणि रोमन वैयाकरणांची कल्पना होती. आपली 'विभक्ती' मात्र विभागणी सुचवते. 'टेन्स'च्या मुळाशी काळ या अर्थाचाच लॅटिन शब्द आहे. 'नाउन' म्हणजे नुसते नाव, तर 'व्हर्ब' म्हणजे मुळात शब्द. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या लॅटिन आरंभात देहधारी झालेल्या शब्दासाठी हाच 'व्हर्बुम' योजलेला आहे. व्याकरणाच्या तासाला एवढे सांगितले तरी मुलांचा कंटाळा काहीसा ओसरेल, असे वाटते.

ही लॅटिन परिभाषा आपल्याकडे प्रथम आणण्याचा मान इंग्रज राजवटीला जात नाही. क्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले व १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांनी पोर्तुगीज भाषेत लिहिलेले कोकणीचे व्याकरण १६४० साली राशोल येथे छापले गेले. भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण मानले जाते. मराठीत ही चौकट रुजली ती १८३६ साली प्रसिद्ध झालेल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या व्याकरणापासून. यास्काचार्यांनी पदांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच वर्ग केले होते. आपण शाळेत शिकतो त्या नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंतच्या आठ शब्दजाती इंग्रजी व्याकरणातील आठांशी जुळतात. संस्कृतात 'प्रथम पुरुष' म्हणजे 'तो' आणि 'उत्तम पुरुष' म्हणजे 'मी'. मराठी शाळेत प्रथम पुरुष 'मी' झाला, तो पाश्चात्त्य क्रम स्वीकारल्यामुळे.

उसनी चौकट सगळीकडे नीट बसत नाही. 'मला दोन भाऊ आहेत' या वाक्यातील 'मला' चतुर्थीत आहे, आणि क्रियापद भावांप्रमाणे चालते. इंग्रजीत 'मी' कर्ता होऊन दोन भाऊ बाळगतो. दाखल्याचा आरंभही नेमका अशाच वाक्याचा आहे, कारण तेथे एका पित्याला दोन पुत्र आहेत. 'रामाने आंबा खाल्ला' याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. इंग्रजीत तेच वाक्य 'ॲक्टिव्ह व्हॉइस'मध्ये जाते. 'व्हॉइस म्हणजे प्रयोग' असे सांगून मोकळे होणारे शिक्षक येथे मुलांना अडचणीत टाकतात.

आता खानदेशाकडे वळू. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. विभाजनानंतर वर्षभरात, १९०७ मध्ये, पाहणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग निघाला. नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनी सिद्ध केलेल्या या भागात खानदेशीला भिल्ली भाषांच्या शेजारी बसविलेले आहे, मराठीच्या पोटात घातलेले नाही. 'घरात' याला अहिराणी माणूस 'घरमा' म्हणतो, 'बापाला' याऐवजी 'बापले', आणि 'रामाचा' याऐवजी 'रामना'. यांतील 'मा' आणि 'ना' गुजरातीला जवळचे आहेत. कोनोंचा निर्णय मराठीच्या अनेक अभ्यासकांना रुचला नाही, आणि मराठीशी असलेले अहिराणीचे जिव्हाळ्याचे नाते पाहता तो वाद समजण्याजोगा आहे.

धुळ्यातच १९२६ साली देह ठेवलेले इतिहासाचार्य वि. का. राजवाडे वेगळ्या वाटेने गेले. त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. भाषेचे नियम तिच्या स्वतःच्या इतिहासातून काढावेत, हा त्यांचा आग्रह होता. एवढा मोठा पंडित अहिराणीच्या मुलखात राहिला, पण त्याचे मुख्य लक्ष जुन्या मराठी ग्रंथांकडे राहिले, याची थोडी खंत वाटते.

१९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात जळगाव आणि धुळे येतात. तेथील आपल्या शाळांमध्ये बसणाऱ्या अनेक मुलांची घरची भाषा अहिराणी किंवा भिल्ली असते. 'आमच्या बोलीला व्याकरण नाही' असे ती सहज बोलून जातात. घरचे कुणी 'काय करी राहिना?' असे विचारते, तेव्हा त्या 'राहिना'मध्ये चालू काळ असतो, ज्यासाठी इंग्रजीच्या वहीत 'कंटिन्युअस टेन्स' असे लांबलचक नाव लिहून घ्यावे लागते. २०११ च्या जनगणनेने खानदेशी ही भाषा मराठीपासून वेगळी मोजली, आणि ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविणारे सुमारे १८ लाख ६० हजार लोक होते.